उन्हाच्या प्रदेशातील मऊ हाडे

मुडदूस हा शब्द मराठी घरांत एके काळी पोक्त बायकांच्या तोंडी सहज असे. मूल उशिरा चालू लागले, त्याचे पोट सुटले, पाय धनुष्यासारखे वाकले, की मुडदुसाचे निदान घरच्या घरीच होई आणि माशाच्या तेलाची बाटली फडताळात येऊन बसे. त्या तेलाचा वास मुलांच्या आयुष्यभर लक्षात राही. पण गुण येई, आणि तो का येतो याची चौकशी करण्याची गरज कोणास भासत नसे. पुढे हा शब्द मागे पडला आणि त्याच्याबरोबर रोगही नाहीसा झाला, अशी सुशिक्षितांची समजूत झाली. ही समजूत खरी नाही, हे ज्या थोड्या ठिकाणच्या संशोधनाने आकडे मांडून दाखविले, त्यांत लखनौ शहराचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे.

हाड म्हणजे निर्जीव चुनखडीचा खांब नव्हे. प्रथिनांच्या तंतूंची एक जाळी असते आणि तिच्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार येऊन बसतात. जाळीमुळे हाडाला चिवटपणा येतो, क्षारांमुळे कठीणपणा. ही घडण जन्मभर चालू असते. जुने हाड झिजते, नवे भरून येते. क्षार अपुरे पडले, तर शरीर जाळी विणीत राहते, पण ती भरली जात नाही. लहान मुलाच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तेथे हा दोष आधी दिसतो. मनगटे व गुडघे फुगतात आणि शरीराच्या भाराने पाय वाकतात. हाच मुडदूस. वाढ पुरी झालेल्या माणसाला हाच विकार जडला, तर हाडे बाहेरून सरळ दिसतात, पण आतून मऊ होतात. या अस्थिमृदुतेने पीडलेली स्त्री जमिनीवरून उठताना हातांचा आधार घेते, बदकासारखी डुलत चालते आणि कंबर व मांड्या दुखतात असे सांगते. घरचे लोक त्याला ‘वात’ म्हणतात. वाताचे नाव एकदा पडले, की पुढची वर्षे लेपांत व शेकांत जातात.

कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जावे, यासाठी ड जीवनसत्त्व लागते. अन्नात ते फार थोडे असते. त्याचा मुख्य कारखाना त्वचेत आहे. सूर्याच्या जंबुपार किरणांनी ते तेथे तयार होते, मग यकृतात आणि त्यानंतर मूत्रपिंडात त्याच्यावर संस्कार होऊन ते कामास लायक होते. सूर्य आणि हाडे यांचा हा संबंध माणसाच्या ध्यानात हळूहळू आला. हिरोडोटसने एका जुन्या रणांगणावर इराणी आणि इजिप्शियन सैनिकांच्या कवट्या पाहिल्या. इराण्यांच्या कवट्या लहानशा खड्यानेही फुटत, इजिप्शियनांच्या मोठ्या दगडानेही फुटत नसत. कारण इराणी लोक डोक्यावर टोपी घालीत आणि इजिप्शियन लोक लहानपणापासून डोके भादरून उन्हात वावरत, असे तेथील लोकांनी त्याला सांगितले. दगड मारून कवटीचा कठीणपणा मोजण्याची ही रीत आजच्या प्रयोगशाळेत मान्य होणार नाही. पण विचाराचा रोख चुकीचा नव्हता.

१८९० मध्ये जपानात राहिलेल्या पाम नावाच्या मिशनरी डॉक्टराने देशोदेशींच्या सहकाऱ्यांकडून माहिती गोळा करून असे मांडले, की जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या डॉक्टराने पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. किरण एका हातावर टाकले, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. त्वचेत काही तरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचते, हे त्यावरून उघड झाले. त्याच सुमारास इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून आहाराचा भाग दाखवून दिला.

यातून सर्वांनी एक सोयीचे अनुमान काढले: हिंदुस्थानसारख्या देशात हा रोग असण्याचे कारणच नाही. काश्मीरमध्ये काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व यांविषयी एक पुस्तक लिहून त्याला हरकत घेतली. घराच्या अंधारात वाढलेल्या स्त्रियांच्या कंबरेची हाडे मऊ होऊन प्रसूतीचा मार्ग अरुंद होतो, आणि उघड्यावर राबणाऱ्या गरीब स्त्रियांत हा प्रकार फारसा आढळत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. संपन्न घरातील मुलगी बाळंतपणात मरावी आणि नावेवर किंवा शेतात राबणारी सुखरूप सुटावी, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला विचारात पाडणारी होती. पण रक्तातील ड जीवनसत्त्व मोजण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते, आणि मोजमापाअभावी हा प्रश्न पुष्कळ वर्षे तसाच राहिला.

लखनौला अस्थिशल्यचिकित्सेची परंपरा जुनी आहे. १९११ मध्ये अध्यापन सुरू झालेले तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये विद्यापीठ झाले. १९५५ मध्ये भारतीय अस्थिशल्यविशारदांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष म्हणून लखनौच्या डॉ. बी. एन. सिन्हा यांची निवड झाली. पुढे १९८३ च्या कायद्यान्वये शहराबाहेर रायबरेली रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तेथे अंतःस्रावी ग्रंथींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग आणि प्रयोगशाळा होती, आणि व्हॉनबाईंना जे मोजता आले नव्हते, ते येथे मोजता येऊ लागले.

या संस्थेतील डॉ. अंबरीश मिथल, डॉ. मदन गोडबोले आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये एक लहानसा, पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. गोडबोले या नावावरून मराठी वाचकाला आपुलकी वाटेल. पण खरे लक्ष त्या अभ्यासाच्या निष्कर्षाकडे द्यावयाचे. त्यांनी रुग्ण तपासले नाहीत, तर रुग्णालयात नोकरी करणारी ९२ निरोगी माणसे तपासली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अपुरे होते, आणि ज्यांच्या रक्तात ते कमी, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनताही कमी होती. पोटभर जेवणारी, पगारदार, वैद्यकाच्या सावलीत वावरणारी ही माणसे. सावलीत, हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा लागतो.

शहरातील माणसे छपराखाली दिवस घालवितात, तेव्हा खेड्यात तरी चित्र निराळे असेल, असे वाटणे साहजिक आहे. डॉ. विजयालक्ष्मी भाटिया आणि सहकारी यांनी लखनौच्या परिसरातील ग्रामीण मुली व गर्भवती स्त्रिया यांची पाहणी केली. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दहांपैकी सुमारे नऊ मुलींत आणि चारांपैकी सुमारे तीन गर्भवतींत ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. या पाहणीतला मनाला सर्वांत लागणारा भाग म्हणजे भावाबहिणींची तुलना. एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाऊन वाढलेल्या या मुलांत भावांच्या रक्तातील प्रमाण बहिणींच्या सुमारे दुप्पट होते. आकाश दोघांनाही सारखेच होते. मुलगा उघड्या अंगाने शेतात आणि तळ्यावर हुंदडत होता. मुलगी मात्र अंगभर वस्त्रांत, ओढणी सावरीत, घरकामाला जुंपलेली होती. येथे प्रश्न एखाद्या धर्माच्या पडद्यापुरता उरत नाही. घुंघट, ओढणी, काळे पडण्याची भीती, अभ्यासाच्या आणि कामाच्या वेळा, या सर्वांचा तो मिळून होतो. पडद्याची चाल नसलेल्या महाराष्ट्रानेही यावरून फार समाधान मानू नये.

सगळा दोष उन्हाच्या माथी मारणेही बरोबर नाही. लखनौच्याच संशोधकांनी मुडदूस झालेल्या मुलांचा वयोगटानुसार विचार केला, तेव्हा वयात येणाऱ्या मुलींमुलांत ड जीवनसत्त्वाचा अभाव ठळकपणे दिसला. अगदी लहान मुलांत मात्र आहारातील कॅल्शियमच्या तुटीचा वाटा मोठा असल्याचे आढळले. नायजेरियातील मुलांवरील १९९९ च्या प्रयोगातही केवळ ड जीवनसत्त्व देण्यापेक्षा कॅल्शियम दिल्याने अधिक गुण आला. दूध परवडत नाही, आणि धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल आहे तेवढे कॅल्शियमही अडवून धरते, अशी गरीब घराची दुहेरी अडचण असते. ग्लासगोत स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत १९६२ मध्ये हाच विकार नोंदला गेला; तेथे ऊनही कमी होते.

अस्थिशल्यविशारदाला या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा, की त्याने शस्त्र केव्हा उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, हे यावरून ठरते. गुडघे आत वळलेली मुलगी समोर आली, तर हाड कापून ते सरळ बसविणे कुशल हाताला अवघड नाही. पण रक्तातील दोष न सुधारता केलेली ही शस्त्रक्रिया मऊ पायावर भिंत प्लंब करण्यासारखी होय. हाड पुन्हा वाकते. आधी औषध द्यावयाचे. काही आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रात वाढीच्या कूर्चेपाशी पांढरी रेघ उमटू लागते. क्षार भरू लागल्याची ती खूण. लहान मुलाचे थोडे वाकलेले पाय पुष्कळदा मग आपोआप सरळ होतात. जे होत नाहीत आणि वाढ अजून शिल्लक आहे, तेथे कूर्चेच्या एका बाजूस छोटी धातूची पट्टी बसवून वाढीलाच वळण लावता येते. हाड कापणे हा उपाय राहतो तो उरलेल्यांसाठी. प्रौढ स्त्रीच्या मांडीच्या हाडात दिसणारी फिकट आडवी चीर कित्येकदा केवळ औषधाने भरून येते. ती साधी मोड समजून घाई करणारा रुग्णाचे नुकसानच करतो.

कधी दोषाचे मूळ गळ्यातही असते. अवटू ग्रंथीच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात. त्या प्रथम कोणाच्या शरीरात दिसल्या, हे मोठे गमतीचे आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्यांतील एक आढळली. माणसातील ग्रंथी स्वीडनच्या सांडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये वर्णिल्या. त्या बिघडून वाढल्या, तर हाडांतील कॅल्शियम उपसून रक्तात ओततात. १९२५ मध्ये व्हिएन्नात मांडल नावाच्या शल्यविशारदाकडे हाडे पोखरलेला एक ट्रामवाहक आला. मांडल यांना प्रथम ग्रंथी कमी पडते असे वाटले व त्यांनी दुसऱ्याची ग्रंथी त्याच्या अंगात बसविली. काही गुण आला नाही. मग त्यांनी गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढली, आणि तो मनुष्य सुधारू लागला. पश्चिमेकडे आता हा रोग बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, काहीच त्रास नसताना सापडतो. लखनौच्या संस्थेतील शल्यविशारद डॉ. एस. के. मिश्रा आणि सहकारी यांनी २००१ मध्ये दाखविले, की त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांचे चित्र निराळे आहे: हाडे दुखणारी, मोडलेली, काहींना चालणेही अशक्य झालेले, आणि ग्रंथी आकाराने बऱ्याच मोठ्या. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग अधिक उग्र होत असावा, असा त्यांचा कयास आहे. शस्त्रक्रियेनंतरही धोका सरत नाही. उपाशी हाडे रक्तातील कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि रुग्णाच्या हातापायांना पेटके येतात. म्हणून पुढचे दिवस त्याला कॅल्शियम पुरवीत राहावे लागते.

प्रतिबंधाचे प्रयत्न साधे आहेत. पुण्यात डॉ. खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील लहान मुलांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घातलेले लाडू देऊन पाहिले. माशाच्या तेलापेक्षा ही युक्ती मुलांना नक्कीच आवडली असेल. दुधात आणि खाद्यतेलात ड जीवनसत्त्व मिसळण्याचे प्रमाण २०१८ च्या नियमांनी ठरवून दिले, पण ते मिसळणे उत्पादकांच्या इच्छेवर ठेवले. आणि ज्या घरात पिशवीचे दूध येतच नाही, त्या घरातील मुलीपर्यंत ते पोहोचत नाही.