निदानाचें ऋण आणि नदीचें पाणी

रोग नीट ओळखला गेला म्हणजे अर्धें काम झालें, असें वैद्यकांत म्हणण्याचा प्रघात आहे. मेंदूच्या बाबतींत मात्र ही अर्धी वाटच शतकानुशतकें बंद होती. हाताला सूज आली तर ती डोळ्यांस दिसते, पोटांतील गांठ जाणत्या वैद्याच्या बोटांस लागते; पण मेंदू निसर्गानें कवटीच्या तिजोरींत कुलुपबंद करून ठेवलेला. ती तिजोरी न फोडतां आंत पाहण्याची युक्ति मनुष्यास गेल्या अर्धशतकांत साधली, आणि आज "डॉक्टरांनीं बाबांचा एम. आर. आय. काढावयास सांगितला आहे" हें वाक्य आपल्या घरोघरीं ऐकूं येतें. या विद्येच्या उपकारांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु या विद्येचाच एक धागा दवाखान्याच्या दारांतून बाहेर पडून थेट नदीपर्यंत कसा पोंचला, ही हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. ती वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

या यंत्राचें तत्त्व समजण्यास फार गणित नको. आपल्या शरीरांत पाण्याचा अंश मोठा, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु. या अणूचें केंद्र म्हणजे जणूं एक अतिसूक्ष्म लोहचुंबक. एरव्हीं हे असंख्य चुंबक वाटेल त्या दिशेस तोंड करून असतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें ३० हजारपट प्रबळ अशा चुंबकाच्या पोकळींत रोग्यास निजविलें कीं त्यांच्यांत थोडी शिस्त येते. शाळेची घंटा झाल्यावर पोरें रांगेला लागतात, तशी. मग रेडिओच्या जातीच्या लहरींनीं त्यांना क्षणभर धक्का द्यावयाचा, आणि धक्का थांबल्यावर ते पुन्हां रांगेंत येतांना जो क्षीण संदेश उठतो तो टिपून घ्यावयाचा. पाण्यांतील, चरबींतील, मेंदूच्या करड्या व पांढऱ्या भागांतील अणु एकाच वेगानें रांगेंत परतत नाहींत. त्या वेगांतील फरकावरून संगणक चित्र तयार करतो. क्ष-किरणांचा येथें संबंधच येत नाहीं.

अमेरिकेंत पॉल लॉटरबर यांनीं या रीतीचें चित्र १९७३ सालीं प्रसिद्ध केलें, तें होतें पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें! इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें पीटर मॅन्सफील्ड यांनीं हीं चित्रें झपाट्यानें काढण्याचें गणित बसविलें. २००३ सालीं या दोघांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. दोन नळ्यांपासून जिवंत मेंदूच्या वळ्यांपर्यंतची ही मजल एका पिढीच्या आंत गांठली गेली.

परंतु कित्येकदां नुसत्या चित्रानें भागत नाहीं. मेंदूंतील गांठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग एकमेकांत मिसळून जातात. अशा वेळीं रोग्याच्या शिरेंतून एक औषध देतात. दवाखान्यांत त्यास 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. निरोगी मेंदूंत रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें एक पडदा असतो, तो या औषधास आंत येऊं देत नाहीं. जेथें गांठ वा दाह असेल तेथें पडदा विरलेला असतो. औषध तेथें पाझरतें, आणि नेमकी तेवढीच जागा चित्रांत उजळून निघते. शस्त्रवैद्याची सुरी कोठें चालावी व कोठें थांबावी, हें त्या उजेडानें ठरतें. किती घरांतील कर्तीं माणसें या उजेडानें वांचलीं असतील, त्याची गणना नाहीं.

हा उजेड पाडणाऱ्या धातूचें नांव गॅडोलिनियम. फिनलंडचे रसायनज्ञ योहान गाडोलिन (१७६०–१८५२) यांच्या नांवावरून तें पडलें. याच्या अणूंत जोडीदाराविना राहिलेले सात इलेक्ट्रॉन असल्यामुळें तो चुंबकीय दृष्ट्या फार बलवान्. पण हा गुणी धातु मोकळा सोडला तर विषारी आहे. त्याच्या मुक्त कणाचा आकार जवळजवळ कॅल्शियमच्या कणाएवढा. त्यामुळें शरीरांतील कॅल्शियमच्या दारांत तो आगंतुकासारखा अडून बसतो. म्हणून रसायनज्ञांनीं त्यास एका मोठ्या रेणूच्या मिठींत घट्ट धरून ठेवण्याची तोड काढली. या मिठीला पाश्चात्त्य शास्त्रांत जें नांव आहे तें खेंकड्याच्या नांगीसाठीं असलेल्या ग्रीक शब्दावरून आलें आहे, आणि तें फार समर्पक आहे. नांगींत धरलेला गॅडोलिनियम उजेड पाडतो, पण डंख करूं शकत नाहीं. असें पहिलें औषध बर्लिन येथील शेरिंग कंपनीनें तयार केलें, व १९८८ सालीं त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

आतां थोडा जमाखर्च मांडूं. ६० किलो वजनाच्या मनुष्यास नेहमींच्या मात्रेनें हें औषध दिलें तर त्यांत धातूचा अंश १ ग्रॅमहून किंचित् कमी भरतो. मूत्रपिंडें निरोगी असतील तर त्यांतील बहुतेक भाग एका दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. रोगी घरीं जातो, चित्र डॉक्टरांच्या हातीं येतें, आणि सर्वांच्या दृष्टीनें कार्य संपतें. धातूचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यांत जीवाणूंकडून घाण खावविली जाते आणि गाळ तळाशीं बसविला जातो. परंतु हें औषध शरीरांत कोठेंही चिकटूं नये, पाण्यांत सहज विरघळावें, लवकर मोडूं नये, अशाच हेतूनें घडविलेलें. देहांत जे त्याचे गुण, तेच कारखान्यांत अवगुण ठरतात. तें गाळांत पुरेसें बसत नाहीं, जीवाणूंना पचत नाहीं, आणि शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर नदीस मिळतें.

हें उघडकीस कसें आलें, तें ऐकण्यासारखें आहे. जर्मनींतील पॉट्सडॅम येथें मिखाएल बाउ व पीटर डुल्स्की हे भूरसायनज्ञ नद्यांच्या पाण्यांतील विरल मृत्तिका मोजीत होते. गॅडोलिनियम हा त्याच घराण्यांतला. हीं भावंडें निसर्गांत नेहमीं एकत्र व ठराविक प्रमाणांत वावरतात; पंगतींत प्रत्येकाच्या पानावर ठरलेलें वाढप असावें, तशीं. एकदोन भावंडांच्या खोडी शास्त्रज्ञांस आधींपासून ठाऊक होत्या. पण दाट वस्तीच्या प्रदेशांतील नद्यांत एकट्या गॅडोलिनियमचेंच पान भलतें भरलेलें दिसलें, आणि स्वीडन, जपान येथील विरळ वस्तीच्या भागांतील नद्यांत तसें कांहीं आढळलें नाहीं. खडक तर असा पक्षपात करीत नाहींत! तेव्हां हें जादा वाढप मनुष्याच्या हातचें, आणि तेंही एम. आर. आय.च्या औषधाचें, असा निष्कर्ष त्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केला. औषधाच्या मान्यतेस तेव्हां उणीं दहा वर्षेंही झालीं नव्हतीं.

योगायोग असा कीं, ज्या बर्लिन शहरांत या औषधाचा जन्म झाला, त्याच शहराच्या पाण्याची कथा पुढें सर्वांत अधिक अभ्यासली गेली. बर्लिन आपलें पिण्याचें पाणी मुख्यत्वें नद्या-सरोवरांच्या कांठच्या विहिरींतून, वाळूच्या थरांतून गाळून आलेलें असें घेतें. जीवाणूंस अडविणारी ही वाळू नांगींतल्या गॅडोलिनियमला मात्र अडवूं शकत नाहीं. २००९ ते २०१२ या तीन वर्षांतच तेथील नळाच्या पाण्यांतील त्याचें प्रमाण ठळकपणें वाढल्याचें आढळलें. २०१९ सालीं जर्मनींतील सहा मोठ्या शहरांच्या उपाहारगृहांत नळाच्या पाण्यापासून केलेल्या पेयांतही तो सांपडला. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत वीस वर्षांत त्याचें प्रमाण चढत गेल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. सांडपाणी जमिनीखालून कोठवर पोंचलें, हें शोधण्यासाठीं जलशास्त्रज्ञ तर आतां याच धातूचा हेर म्हणून उपयोग करतात.

येथें वाचकांनीं घाबरून जाऊं नये. पाण्यांतील हें प्रमाण नॅनोग्रॅमनें, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागानें मोजावयाचें असतें. शिरेंतून दिल्या जाणाऱ्या मात्रेपुढें तें कःपदार्थ होय. ऱ्हाइन नदींतील शिंपल्यांच्या कवचांची तपासणी झाली, तेव्हां कारखान्यांतून आलेलीं दुसरीं विरल मृत्तिकाद्रव्यें त्यांत उतरलेलीं दिसलीं, पण औषधांतील गॅडोलिनियम उतरलेला दिसला नाहीं. नांगी घट्ट आहे तोंवर जीवसृष्टि त्यास बहुधा जवळ करीत नाहीं, असा त्याचा अर्थ.

प्रश्न आहे तो नांगी सैल पडण्याचा. याचा धडा मानवी देहानेंच दिलेला आहे. मूत्रपिंडें निकामी झालेल्या कांहीं रोग्यांची त्वचा लांकडासारखी कठीण होऊन सांधे आंखडून जात. या व्याधीचा या औषधाशीं असलेला संबंध ऑस्ट्रियाचे डॉ. थॉमस ग्रोब्नर यांनीं २००६ सालीं दाखवून दिला. औषध बाहेर न पडतां देहांत रेंगाळलें कीं नांगी सुटण्यास अवधि मिळतो, हें त्याचें मर्म. पुढें २०१४ सालीं जपानांतील डॉ. कांडा व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, ज्यांना हें औषध अनेकवार दिलें गेलें त्यांच्या मेंदूच्या कांहीं खोल भागांत औषध न देतांही उजेड राहतो. आणि पुढील वर्षीं मृत रोग्यांच्या मेंदूंच्या परीक्षणांत प्रत्यक्ष धातु सांपडला. या अंशानें मेंदूस अपाय झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तरीही सावधगिरी म्हणून युरोपांतील औषधनियामकांनीं २०१७ सालीं ज्यांची मिठी उघडी, रेषेसारखी, अशा कांहीं औषधांचा सर्वसाधारण वापर थांबविला, आणि ज्यांची मिठी पिंजऱ्यासारखी चहूंबाजूंनीं बंद, त्यांस पसंती दिली. देहांत जर कांहीं आठवड्यांच्या मुक्कामाचा विचार करावा लागला, तर नदीच्या गाळांत वर्षानुवर्षें होणाऱ्या मुक्कामाचा विचार नको काय?

"एवढ्याशा अंशाची एवढी चिंता कशाला?" असें कोणी विचारील. एका रोग्याचें औषध दुसऱ्याच प्राण्याचा काळ कसें होतें, याचें उदाहरण आपल्याच भूमींत घडलें आहे. गुरांच्या सूजदुखीवर डायक्लोफिनॅक हें औषध सर्रास दिलें जाऊं लागलें. मेलेल्या गुरांचें मांस गिधाडांनीं खाल्लें, आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरूं लागलीं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनीं भरतपूर येथें ही घट नोंदविली. कारण उलगडलें २००४ सालीं. आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. तोंवर व्हावयाचें तें होऊन चुकलें होतें. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशांतील संख्या ९९.९ टक्क्यांनीं घटली. गॅडोलिनियमनें असा अनर्थ केलेला नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें सांगतों. पण औषध रोग्याच्या देहांतून गेलें म्हणजे जगांतून गेलें असें नव्हे, हा धडा दोन्हींकडे एकच आहे. गिधाडांच्या वेळीं हिशेब मागाहून झाला; नदीच्या बाबतींत तो आधीं करण्याची संधि अजून आहे.

हिशेब करणारे हात कामालाही लागले आहेत. अर्ध्याच मात्रेंत तितकाच उजेड पाडणारें एक नवें औषध अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें. मात्रा अर्धी म्हणजे नदीवरचा भारही अर्धा. जर्मनींत रूर नदीच्या कांठीं म्यूल्हाइम येथें निराळाच प्रयोग झाला. क्ष-किरणांच्या तपासणींत देतात त्या आयोडीनयुक्त औषधाचे रोगी घरीं जातांना त्यांना लघवी शोषून घेणाऱ्या पिशव्या देण्यांत आल्या. त्या वापरून केरांत टाकावयाच्या, म्हणजे औषध नदींत न जातां भट्टींत जातें. साधी युक्ति, पण तिच्यामागची दृष्टि मोठी आहे. नदींत मिसळलेला कण वेंचून काढण्यापेक्षां तो उगमापाशींच अडविणें केव्हांही स्वस्त.

आपल्याकडे तर पुष्कळ शहरांचें सांडपाणी कोणत्याही शुद्धीकरणाविनाच नदीस मिळतें. तें सुधारणें नगरपालिकांचें काम. पण कुटुंबाच्या हातींही कांहीं गोष्टी आहेत. डॉक्टर नको म्हणत असतां "एकदां काढूनच टाका ना, मनाचें समाधान होईल," असा आग्रह धरण्याची संवय सोडावी. जुनीं चित्रें व अहवाल घरांत एका जागीं, तारीखवार ठेवावे. कागद सांपडत नाहीं म्हणून तीच तपासणी पुन्हां करावी लागणें हा पैशाचा व औषधाचाही अपव्यय होय. घरांतील वडीलधाऱ्यांस मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा पूर्वीं कॉन्ट्रास्ट दिलेलें असेल, तर तें तपासणीपूर्वीं न विसरतां सांगावें. उरलेलीं औषधें मोरींत ओतूं नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, डॉक्टरांनीं गरज आहे असें सांगितलें असतां, हा लेख वाचला म्हणून कोणीही तपासणी टाळूं नये. मेंदूंतील गांठ कळावयास उशीर होणें, याहून मोठें संकट त्या घरावर दुसरें नाहीं.

ऋण घेणें पाप नव्हे, तें फेडण्याचें विसरणें मात्र लाजिरवाणें, अशी आपल्या घरांतील शिकवण आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांचा उच्चार आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलों. निदानाच्या उजेडानें ज्या घरांतील माणूस परत आलें, त्या घरानें आपल्या नांवावर नदीचेंही थोडेंसें ऋण मांडून ठेवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.