चिखलांतील चार चाकें

वसमत तालुक्यांतील हट्टा गांवाभोंवतीं काळी, कसदार जमीन आहे. मृगाच्या पावसानें ती भिजली म्हणजे शेतवाटेवर चाक रुततें. आणि गाडींत आजारी माणूस असेल, तर घटकाभराचा खोळंबाहि जिवावर बेततो. इंजिनाच्या जोरानें चारहि चाकें फिरणारी मोटार अडणार नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे.

वळण घेतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापतें. दोघांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी दंतचक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. पेकर नामक फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७ सालीं ती योजिली. परंतु ही जुळणी दोन्ही चाकांस पीळ सारखाच देते. एक चाक चिखलांत भिरभिरूं लागलें, कीं कोरड्या जमिनीवरील जोडीदारासहि तेवढाच अल्प जोर मिळतो. पुढचें एक व मागचें एक चाक असें सुटलें, कीं सारी गाडी जागींच!

यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलचें लॉक. तें लावलें म्हणजे दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट बांधल्याप्रमाणें बरोबर फिरतात. ट्रॅक्टरचालक खटका दाबून हेंच करतो. २०२० सालच्या महिंद्रा थारच्या कांहीं प्रकारांत मागील चाकांस आपोआप लागणारें लॉक आलें. जुन्या जीपमध्यें तें मागाहून बसवितां येतें. मात्र कुशल कारागिराकडूनच. हातानें लागणारें लॉक चिखलांत शिरण्यापूर्वींच लावावें आणि पक्क्या रस्त्यावर येतांच सोडावें. नाहींतर वळतांना टायर झिजतात, आंसावर ताण येतो. चिखलांत दोघांस बांधावें, वाटेवर मोकळें सोडावें, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.