दर्शनाला पैसे लागत नाहीत

शिर्डीहून निघालेली गाडी राहुरी मागे टाकून सोनईच्या रस्त्याला लागते. गाडीची पाटी गुजरातची, मध्य प्रदेशाची नाहीतर आंध्रची असली, की थोड्याच वेळात एक मोटारसायकल शेजारी येते. मागे बसलेला तरुण हात करून काच खाली घ्यायला लावतो आणि हिंदीत सांगतो, ‘पुढे रस्ता बंद आहे, गर्दी फार आहे, आमच्या मागे या, पार्किंग फुकट आहे.’ चालक नवखा असतो. गाडीत म्हातारे आईवडील असतात, लहान मुले कंटाळलेली असतात. गाडी त्या मोटारसायकलच्या मागे वळते.

पुढचे सगळे ठरलेले असते. गाडी एका दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत लावली जाते. चपला, पिशव्या ठेवायला जागा मिळते, तीही फुकट. मग हातात पूजेचे ताट येते. त्यात तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, नारळ, काळे कापड, घोड्याची नाल आणि एखादे शनियंत्र असते. किंमत विचारली तर उत्तर मिळते, ‘आधी देवाचं करून या, पैशाचं नंतर बघू.’ दर्शन करून परतल्यावर मात्र ताटाचा आकडा ऐकून माणूस गार पडतो. चपला दुकानात, गाडी दुकानासमोर आणि भोवती चार-पाच जण. देवाच्या दारात वाद नको म्हणून बहुतेक जण मुकाट्याने पैसे मोजतात.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला अशा माणसांना ‘लटकू’ म्हणतात. वर्तमानपत्रांत त्यांच्या उच्छादाच्या बातम्या नित्यनेमाने येतात आणि पोलीस अधूनमधून कारवाईही करतात. तरी हा धंदा थांबत नाही, कारण तो कमिशनवर चालतो.

कमिशनची साखळी

मोटारसायकलवरच्या मुलाला भाविक एक रुपयाही देत नाही. त्याचे पैसे दुकानदार देतो, आणलेल्या गाडीमागे किंवा झालेल्या विक्रीमागे. शिर्डीहून भाविकांना घेऊन येणारा जीपवाला ठरावीक दुकानाशीच थांबला, तर त्याचाही वाटा त्यात असू शकतो. हे सगळे वाटे शेवटी एकाच ठिकाणाहून वसूल होतात, ते म्हणजे पूजेचे ताट. म्हणून फुकट पार्किंग कधीच फुकट नसते. त्याचे भाडे नारळात आणि माळेत धरलेले असते.

ताटच का, याचेही कारण आहे. बिस्किटाच्या पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. सुट्या वस्तूंनी भरलेल्या ताटावर अशी छापील किंमत नसते. नारळाचा भाव आपल्याला ठाऊक असतो, पण नाल आणि यंत्र यांचा भाव कोणाला माहीत? त्यात शनीच्या साडेसातीची भीती घातली, की घासाघीस करायची हिंमत होत नाही. ‘एवढं केलं नाही तर पूजा अपुरी राहील’ या एका वाक्यावर ताटाची किंमत दुप्पट-तिप्पट होते.

यावर उपाय सोपा आहे. ताट हातात घेण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची किंमत वेगवेगळी विचारा आणि नको त्या वस्तू काढायला सांगा. 1 मार्च 2025 पासून शिंगणापूरला शनीच्या शिळेवर ब्रँडेड खाद्यतेलच वाहण्याचा नियम झाला आहे. अशा बाटलीवर किंमत छापलेली असते. ती वाचा आणि तेवढेच पैसे द्या. दुकानदार भाव सांगायला टाळाटाळ करत असेल, तर ताट तिथेच ठेवून पुढे चला. नुसते हात जोडून दर्शन घेतले तरी ते दर्शनच असते.

शिर्डीत काय फुकट आहे?

राहाता तालुक्यातल्या शिर्डीत हाच खेळ वेगळ्या रूपात दिसतो. साईबाबांनी 1918 साली विजयादशमीला देह ठेवला, तेव्हापासून हे गाव देशभरातल्या भाविकांचे झाले. 2017 साली काकडीला विमानतळ सुरू झाल्यावर दूरच्या राज्यांतल्या लोकांची ये-जा आणखी सोपी झाली. बसस्थानकावर, रेल्वे स्थानकावर किंवा मंदिराच्या रस्त्यावर एखादा जण जवळ येतो आणि म्हणतो, ‘रांग सहा तासांची आहे, माझी ओळख आहे, लवकर दर्शन करून देतो.’ खरी रांग किती आहे हे आपण पाहिलेले नसते. त्या अज्ञानाचीच तो किंमत लावतो.

म्हणून शिर्डीला येण्याआधी काही गोष्टी घरातल्या सगळ्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. समाधी मंदिरातले सर्वसाधारण दर्शन मोफत आहे. उदी मोफत मिळते. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयातले जेवणही मोफत आहे. त्याला कूपन मागितले, तरी कूपनाला पैसे पडत नाहीत. लवकर दर्शनाचे आणि आरतीचे सशुल्क पास आहेत, पण ते संस्थानच देते, आपल्या काउंटरवर आणि अधिकृत संकेतस्थळावर. ते काढताना ओळखपत्राची माहिती द्यावी लागते. रस्त्यावरचा माणूस पास देतो म्हणाला, तर एक तर तो काउंटरवरचाच पास चढ्या भावाने विकतोय किंवा बनावट पास गळ्यात मारतोय. दोन्हीत नुकसान भाविकाचेच.

मोबाईलमधले लटकू

आता तर फसायला गाव गाठायचीही गरज उरलेली नाही. शनिशिंगणापूरच्या नावाने बनावट ॲप आणि संकेतस्थळे काढून ऑनलाइन पूजा, अभिषेक आणि तेल अर्पण करण्यासाठी भाविकांकडून पैसे घेतले गेले. जुलै 2025 मध्ये हे प्रकरण विधानसभेत गाजले आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. घरबसल्या श्रद्धेने पैसे भरणाऱ्याला आपल्या नावाने पूजा झाली की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

शिर्डीच्या भक्तनिवासातल्या खोल्यांबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. इंटरनेटवर शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणारे पान बऱ्याचदा पैसे मोजून टाकलेली जाहिरात असते. तिथल्या क्रमांकावर फोन केला की गोड बोलून आगाऊ रक्कम मागितली जाते, पावती व्हॉट्सॲपवर येते आणि शिर्डीत पोहोचल्यावर कळते की अशी खोली कधी नोंदवलीच गेली नव्हती. देशभरच्या तीर्थक्षेत्रांच्या नावाने असे प्रकार वाढल्यामुळे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला होता. खोलीचे पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यात मागितले, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त.

बँकॉक ते पॅरिस

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आता अनेक कुटुंबे सहलीला किंवा मुलांकडे परदेशी जातात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की युक्त्या तिथेही अशाच आहेत. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर सभ्य दिसणारा माणूस सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे’ आणि स्वस्तात टुकटुक मिळवून देतो. ती टुकटुक रत्नांच्या दुकानापाशी थांबते. पॅरिसच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी कोणी हसत हसत मनगटावर रंगीत दोरा बांधतो आणि गाठ बसली की युरो मागतो.

शिंगणापूरच्या रस्त्यापासून पॅरिसपर्यंत या सगळ्यात तीनच डाव आहेत. आधी खोटी बातमी: रस्ता बंद, राजवाडा बंद, रांग मोठी. मग न मागता केलेला उपकार: फुकट पार्किंग, स्वस्त गाडी, हातातला दोरा. आणि शेवटी घाई किंवा भीड, म्हणजे विचार करायला वेळच मिळू नये. यातला पहिला डाव ओळखला की पुढचे दोन आपोआप हुकतात. बंद आहे की चालू, हे स्वतः दारापर्यंत जाऊन बघायचे किंवा गणवेशातल्या माणसाला विचारायचे. मदत हवी असेल तर कोणाला विचारायचे हे आपण ठरवायचे, आपल्याकडे चालत आलेल्याने नव्हे. त्रास झाला तर देशात 112 वर पोलिसांना फोन करायचा आणि परदेशी निघण्याआधी तिथल्या पोलिसांचा क्रमांक लिहून ठेवायचा.

शेवटची विनंती जिल्ह्यातल्या लोकांना. शिर्डी आणि शिंगणापूरच्या जिवावर हजारो घरे चालतात आणि त्यातली बहुतेक प्रामाणिक आहेत. पाटीवर भाव लिहून सरळ धंदा करणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक लटकू वाटेतच पळवतो. म्हणून हा प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही. ताटाच्या प्रत्येक दुकानावर दरफलक लागला पाहिजे, ग्रामपंचायतीने आणि देवस्थानांनी तो लावायला भाग पाडले पाहिजे, आणि रस्त्यात गाडी अडवणारा आपल्या ओळखीचा असला तरी त्याला हटकले पाहिजे. लांबून श्रद्धेने आलेला माणूस आपल्या जिल्ह्यातून फसवला गेल्याची आठवण घेऊन जाणार नाही, याची जबाबदारी आपली आहे.