ख्रिस्ती घरांतील पुस्तकांचें फडताळ

एखाद्या घरीं कर्ता मुलगा अकस्मात् जातो. भेटीस येणाऱ्यांना काय बोलावें हें सुचत नाहीं; म्हणून त्यांतील कोणी एखादें पुस्तक घेऊन येतो आणि जातांना तें मुलाच्या आईच्या हातीं देऊन जातो. हेतु निःसंशय चांगला असतो. परंतु आठ दिवसांनीं तिनें तें पुस्तक उघडलें आणि ‘विश्वास दृढ असता, तर हें संकट टळलें असतें’ अशा अर्थाचें वाक्य तिच्या दृष्टीस पडलें, तर काय होईल? धीर देण्याकरितां आणलेलें पुस्तकच तिच्या दुःखावर दोषाचा भार घालील. पुस्तकाची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब नाहीं, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत यावें. श्रोतेहो, स्वतःच्या धीरासाठीं आणि कुटुंबांत सर्वांनीं मिळून वाचण्यासाठीं ख्रिस्ती पुस्तकें कशीं निवडावीं, याचा आज थोडा विचार करूं.

प्रारंभीं एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. एकट्यानें वाचावयाचें पुस्तक आणि घरांत मोठ्यानें वाचावयाचें पुस्तक यांच्या कसोट्या निरनिराळ्या आहेत. पहिल्याची परीक्षा दुःखाच्या प्रसंगीं होते. दुसऱ्याची परीक्षा कान करतो. एकच पुस्तक दोन्ही परीक्षांना उतरेल, असा प्रसंग क्वचित् येतो.

पहिली कसोटी कोठून घ्यावी? ती खुद्द पवित्र शास्त्रांतूनच घ्यावी, हें बरें. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत आणि त्यांपैकीं पुष्कळ स्तोत्रें गाऱ्हाण्याचीं आहेत. त्यांतील बहुतेकांच्या शेवटीं आशेचा किरण दिसतो. पण ८८ वें स्तोत्र अंधारांतच संपतें. संग्राहकांनीं तें गाळलें नाहीं, किंवा त्याला गोड शेवटही जोडला नाहीं. ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. त्याचे मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले; तेवढेंच त्यांचें खरें सांत्वन! पुढें त्यांनीं तोंड उघडलें आणि त्याच्या दुःखाचीं कारणें त्यालाच समजावून सांगण्यास आरंभ केला. ग्रंथाच्या शेवटीं देव रागावतो, तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर त्याच्या या शहाण्या मित्रांवर. जें पुस्तक ईयोबाच्या मित्रांसारखें बोलतें, तें सोन्याच्या अक्षरांनीं मढविलेलें असलें तरी दुःखी माणसाच्या हातीं देऊं नये.

ही कसोटी दुकानांतही सहज लावतां येते. अनुक्रमणिका उघडून मृत्यु, आजार किंवा निष्फळ वाटणारी प्रार्थना यांविषयींचें प्रकरण काढावें आणि दोन पानें वाचावीं. मागितलेलें मिळालें नाहीं असा एकही प्रसंग लेखकाला माहीत नसेल, तर त्याचा अनुभव अपुरा आहे, अथवा त्याचें कथन अपुरें आहे. प्रार्थना करा आणि वैद्याचें औषध सोडा, असा उपदेश कोठें आढळला, तर तें पुस्तक घरांत आणूंच नये. एलीया संदेष्टा निराश होऊन रानांत मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्याला आधीं भाकर व पाणी दिलें आणि पुन्हां निजूं दिलें. देवाची वाणी त्याला ऐकूं आली, ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं. शरीराच्या गरजेला अश्रद्धा म्हणणें शास्त्राला संमत नाहीं, हें यावरून उघड होतें.

दुसरें असें कीं, लेखकानें धीराचे शब्द कोणत्या परिस्थितींत लिहिले, हें पाहावें. पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं आपल्या जीवनाची लहानशी साक्ष लिहिली. दुष्काळांत आईबाप गेले, पुढें भाऊ गेला, आणि विवाहाला दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच पतीचाही वियोग झाला, अशा बाईची ती साक्ष आहे. पुढें १९२१ सालीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली आणि १९२२ सालीं त्या स्वतः गेल्या. परंतु शेवटच्या दिवसांपर्यंत बायबलाच्या भाषांतराचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. अशा लेखणीतून आलेला धीराचा शब्द स्वस्त नसतो. तो वाचणाराला वाटतें, हिला माझें कळेल.

परदेशी ग्रंथांच्या बाबतींतही हाच विवेक करावा. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाचे १३ भाग आहेत. त्यांपैकीं पहिल्या नऊ भागांत त्याचें चरित्र आहे आणि पुढील चार भागांत स्मृति, काळ व सृष्टीची उत्पत्ति यांचें गहन चिंतन आहे. शोकांत असलेल्या वाचकानें पहिल्या पानापासून आरंभ केलाच पाहिजे असें नाहीं. चौथ्या भागांत मित्राच्या मरणाचें आणि नवव्या भागांत आई मोनिका हिच्या मरणाचें वर्णन आहे. तेवढेंच प्रथम वाचावें. आईच्या मरणप्रसंगीं आवरून धरलेले अश्रू आपण पुढें एकांतांत कसे मोकळे केले, हें एवढ्या मोठ्या पंडितानें लपविलेलें नाहीं. थॉमस ए केम्पिस याचें ‘ख्रिस्ताचें अनुकरण’ हें पुस्तक शेंकडों वर्षें लोकांच्या उशाशीं आहे. तथापि तें मूळ मठवासी लोकांकरितां लिहिलेलें आहे. त्यांतील वैराग्याचा स्वर कठोर आहे. मन स्थिर असतांना रोज अर्धें पान, याप्रमाणें तें वाचावें. ताज्या दुःखांत तें वाचूं नये, असें माझें मत आहे.

येथेंच आवृत्तीविषयीं एक सूचना करतों. केम्पिसच्या ग्रंथाचे चार भाग असून चौथा भाग पवित्र सहभागितेच्या विधीविषयीं आहे. प्रॉटेस्टंट मंडळींकरितां काढलेल्या पुष्कळ आवृत्त्यांत तो गाळलेला असतो. त्याचप्रमाणें कॅथॉलिक बायबलांत ७३ पुस्तकें असतात, तर प्रॉटेस्टंट बायबलांत ६६. कोणाला भेट द्यावयाची आहे तें आधीं पाहून मगच प्रत घ्यावी, म्हणजे प्रेमानें दिलेल्या भेटीवरून वाद निघणार नाहीं.

आतां कुटुंबांतील वाचनाकडे वळूं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभापासूनच त्यांत श्रवणाला मोठें स्थान आहे. गोव्यांतील साष्टी प्रांतांत नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची संवय होती. धर्मांतरानंतर त्यांना तिची उणीव भासूं लागली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनें ही उणीव ओळखली आणि ओवीबद्ध मराठींत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला आणि साष्टीच्या देवळांतून लोकांना वाचून दाखविला जाऊं लागला. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही या ग्रंथाचा श्रोता होता. १९५६ सालीं पुण्याचे शांताराम बंडेलू यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली. चारशें वर्षांपूर्वींची भाषा आज सर्वस्वी सुगम नाहीं. पण नाताळच्या रात्रीं ख्रिस्तजन्माचा भाग घरांतील वडील माणसानें संथपणें वाचावा आणि अडेल तेथें अर्थ सांगावा, इतकें कोणत्याही घरीं होण्यासारखें आहे.

म्हणून कुटुंबाकरितां पुस्तक घेतांना त्यांतील एक पान हलक्या आवाजांत वाचून पाहावें. वाक्य संपण्याआधीं वाचणाराचा श्वास संपत असेल, किंवा अर्थ लावण्यासाठीं तेंच वाक्य पुन्हां वाचावें लागत असेल, तर तें पुस्तक अभ्यासिकेंत शोभेल, जेवणघरांत शोभणार नाहीं. पुष्कळ भाषांतरित पुस्तकें या परीक्षेंत नापास होतात. त्यांतील शब्द मराठी असतात, पण बोलणें मराठी नसतें. बायबलाची प्रत निवडतांनाही लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची गोष्ट दोन निरनिराळ्या भाषांतरांतून वाचून पाहावी. जें भाषांतर ऐकतांना घरांतील लहान मूल मध्येंच ‘मग पुढें काय झालें?’ असें विचारतें, तें घ्यावें. साध्या बायकांना समजेल अशा मराठींत बायबल आणण्यासाठीं रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांच्या हातून तें छापलें गेलें. १९२४ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, तें प्रसिद्ध झालें. आपल्या काळांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून तोच हेतु पुढें चालविला.

आरंभ लहान पुस्तकापासून करावा. रूथच्या पुस्तकाचे अवघे चार अध्याय आहेत. चार रात्रींत तें पुरें होतें. ही सासूसुनेची गोष्ट आहे. त्यांतील नामी ही सासू परदेशांत पति व दोन पुत्र गमावून गांवीं परतते आणि आपल्याला नामी न म्हणतां मारा, म्हणजे कडू, म्हणा, असें शेजारणींना स्पष्ट सांगते. आपल्या घरांतल्या आजीबाईंना या गोष्टीवर बोलण्यासारखें पुष्कळ असेल. त्यांना बोलूं द्यावें. त्यानंतर मार्कचें शुभवर्तमान घ्यावें. त्याचे १६ अध्याय आहेत आणि कथा झपाट्यानें चालते. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ असल्यामुळें महिन्याच्या तारखेप्रमाणें रोज एक वाचतां येतो.

मुलांसाठीं जॉन बन्यनचें यात्रेकरूचें रूपक फार चांगलें. मूळ इंग्रजी ग्रंथ १६७८ चा. धर्मोपदेश केल्याबद्दल बारा वर्षें तुरुंग भोगलेल्या माणसाचा. हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं तो ‘यात्रिक क्रमण’ या नांवानें मराठींत आणला. आज वाचावयास एखादी सोपी आवृत्ति घ्यावी. त्यांत वाटेवर दोन सिंह बसलेले असतात. ते सांखळीनें बांधलेले आहेत, हें यात्रेकरूला दिसत नाहीं. म्हणून तो भितो. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला किंवा शस्त्रक्रियेला जाणाऱ्या बापाला एवढें एक चित्र मोठ्या व्याख्यानाहून अधिक उपयोगी पडेल.

आणि घरांत हंसूही असावें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. पति ना. वा. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले म्हणून दुरावलेली, पुढें कांहीं वर्षांनीं आपल्या विचारानें त्याच मार्गावर आलेली ही बाई आपली फजिती, पतीचा तऱ्हेवाईकपणा आणि स्वतःचा हट्ट यांचें वर्णन करते, तें ऐकून सगळें घर हंसतें; आणि दुसऱ्याच पानावर सर्वांचा गळा दाटून येतो. तें पुस्तक बोलल्यासारखें लिहिलेलें असल्यामुळें वाचणाराला आवाज चढवावा लागत नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं मुलें हंसलीं तर ज्या घरीं वडील माणसें रागावतात, त्या घरीं तर तें अवश्य वाचावें. वाचनाच्या शेवटीं टिळकांचा एखादा अभंग म्हटला, म्हणजे लहान मुलांनाही आपला वाटा मिळतो.

वाचन दहा-पंधरा मिनिटांहून अधिक लांबवूं नये. पुढें काय, अशी उत्कंठा वाटते तेथेंच थांबावें. वाचणारा रोज बदलावा. मुलाचें वाचन अडखळलें तर लगेच दुरुस्त करूं नये. आणि प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा समजूं नये. ज्या प्रश्नाचें उत्तर आपल्याला येत नाहीं, त्याला ‘मलाही ठाऊक नाहीं’ असें आईबापांनीं म्हटलें, तर मुलांची श्रद्धा कमी होत नाहीं. उलट, पुस्तक खरेपणानें वाचलें जात आहे, अशी त्यांची खात्री पटते.

याप्रमाणें पाहिलें, तर फडताळ मोठें असण्याचें कारण नाहीं. सुबोध भाषेंतील बायबलाची एक प्रत, एखाद्याची खरी जीवनकथा, मुलांसाठीं एक रूपककथा आणि गाण्याचें एक पुस्तक, एवढ्यावर कुटुंबाचीं कित्येक वर्षें सुखानें जातील. पुस्तकांचीं पानें कोपऱ्यांत दुमडलेलीं असावींत, त्यांवर हळदीचे डाग असावेत, शेजाऱ्यांनीं तीं मागून न्यावींत. कांचेच्या कपाटांत राहिलेलें पुस्तक कोणालाही धीर देत नाहीं.

शेवटीं, आरंभीं सांगितलेल्या त्या आईकडे परत जाऊं. तिच्यासाठीं कोणतें पुस्तक न्यावें? पहिल्या आठवड्यांत कोणतेंच नेऊं नये. ईयोबाच्या मित्रांनीं पहिले सात दिवस जें केलें, तेंच करावें, जवळ बसावें. पुढें तिनेंच कांहीं वाचून दाखवा म्हटलें, तर रूथचा पहिला अध्याय उघडावा. त्यांत तिच्यासारखीच एक आई आहे, आणि ती आपलें दुःख लपवीत नाहीं. वाचून झाल्यावर त्यावर भाष्य करूं नये. पुस्तक मिटून तिच्याजवळ ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें.