आधी हसलो, मग विनोद ऐकला

रंगमंचावर एकट्याने उभे राहून विनोद सांगणाऱ्या हल्लीच्या मंडळींविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मुलाबाळांसह ऐकायला बसावे, तर तिसऱ्याच वाक्याला आपल्याला तहान लागते आणि उगाच स्वयंपाकघरात पेला शोधत उभे राहावे लागते! म्हणून गेल्या वर्षी अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला मुलीकडे गेलो असता जावईबापूंनी जेवणानंतर तसला एक कार्यक्रम लावला, तेव्हा मी आधी नातवाकडे पाहिले. वय वर्षे दहा.

“बाबा, बसा हो. हा चालतो. आमच्या गावचाच आहे,” मुलगी म्हणाली.

पडद्यावर एक गृहस्थ आला. चेहरा अस्सल कोरियन. त्याने तोंड उघडले मात्र, मी खो खो हसत सुटलो. कारण बाहेर पडले ते पक्के टेनेसीचे इंग्रजी! तिकडच्या दक्षिणेतली माणसे शब्द गुळाच्या पाकासारखे ताणतात. ‘टाइम’चा ‘टाऽम’ होतो, ‘पेन’ आणि ‘पिन’ यांत फरक उरत नाही, आणि समोर चार माणसे असली की ‘यॉल’ म्हणून सगळ्यांना एका दमात गोळा करतात.

“पण आजोबा, जोक तर अजून झालाच नाही,” नातू म्हणाला. “कशाला हसलात?”

मला उत्तर सुचेना. हेन्री चो 1961 साली नॉक्सव्हिललाच जन्मला. आईवडील कोरियाहून आलेले, पण हा वाढला तिथल्याच पोरांत. मग बोलणार कसा? त्याचा हेल अगदी जागच्या जागी होता. वाकडे काही असलेच, तर ते माझ्या कानांत.

हे त्यालाही पुरते ठाऊक आहे. आपल्या नुसत्या बोलण्याने लोक हसतात, हे तो आधीच सांगून मोकळा होतो. त्याची सासुरवाडी अलाबामातल्या ‘अरब’ नावाच्या गावची. तेव्हा कोरियन नवरा आणि अरब बायको असा संसार तो रंगवतो. पण हेलाची नवलाई पाच मिनिटांत ओसरते, आणि मी पाहिलेला 2006 सालचा हा कार्यक्रम चांगला तासाभराचा. पुढचा सगळा वेळ तो घरच्या साध्यासुध्या गोष्टींवर तोलून धरतो. एक शिवी नाही, एक पाचकळ शब्द नाही. घाई म्हणून नाही. मी एकदाही पाणी प्यायला उठलो नाही.

या सोवळेपणाला तिकडे जुनी परंपरा आहे. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम 1925 पासून रेडिओवर चालू आहे. घरोघर सगळे कुटुंब मिळून ऐकणार, त्यामुळे विनोदही तसाच हवा. टोपीला किमतीची चिठ्ठी लोंबती ठेवून येणारी मिनी पर्ल तिथलीच. ऑप्रीने 1973 साली जेरी क्लोअर या विनोदकाराला सभासद करून घेतले. त्यानंतर पुढचा विनोदकार निवडायला तब्बल पन्नास वर्षे लावली. 2023 साली तो मान हेन्री चोला मिळाला. आशियाई वंशाचा तो तिथला पहिलाच सभासद. दक्षिणी खेडवळ ढंगाच्या त्या बालेकिल्ल्याने त्याला आपला म्हटले, याचे मला फार अप्रूप वाटले.

खरे सांगायचे, तर त्या रात्री झोप लवकर लागली नाही. दोनच दिवसांपूर्वी शेजारच्या आजींनी नातवाला विचारले होते, “तू कुठला रे बाळ?” तो “नॉक्सव्हिल” म्हणाला. त्या पुन्हा म्हणाल्या, “हो, पण खरा कुठला?” तो काही बोलायच्या आत मीच घाईने सांगून टाकले, “साताऱ्याचा!” पोराने जन्मात सातारा पाहिला तो सारा मिळून वीस दिवस. त्याने माझ्याकडे वर पाहिले होते. तेव्हा मला वाटले, अभिमानाने पाहतोय.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. गल्ल्यावरच्या बाईंनी हसून तोच प्रश्न केला. नातवाने आधी माझ्याकडे पाहिले.

“मी साताऱ्याचा,” मी म्हणालो. “हा इथलाच.”

“येस मॅऽम,” चिरंजीव असा काही हेल काढून म्हणाले, की बाईंना हसू आवरेना. नातू मात्र माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “बघा, हिनेपण जोकच्या आधीच हसलं!”