हात न उगारणारा दरारा

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. बालाघाटाच्या या टेकडीभोवती लाखो माणसं जमतात. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते, वाटेत भाविक चुनखडी वेचतात. बार्शी, कळंब, केज, भूम, परंडा, अशी पंचक्रोशीच्या पलीकडची माणसं येतात आणि मुक्काम ठोकतात. एके काळी अशा यात्रांनी मराठी सिनेमा जगवला. मालमोटारीवरून प्रोजेक्टर यायचा, तंबू ठोकला जायचा, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला जमिनीवरच बसायच्या. त्या फिरत्या टॉकीजचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपले आहेत. २०१६ साली कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली.

तंबूत सिनेमा पाहिलेल्या आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विचारलं तर नायकाचं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो. ‘त्यात निळू फुले होता,’ हे मात्र लगेच सांगतात. ते पडद्यावर आले की बायकांच्या बाजूनं बोटं मोडली जायची. हा राग म्हणजे त्या नटाला मिळालेली पावतीच होती.

मी निळूभाऊंचा चाहता आहे आणि हा लेख चाहत्यानंच लिहिलेला आहे. पण नुसतं कौतुक करून मला थांबायचं नाही. शरीरानं किरकोळ, उंचीनं साधारण, पडद्यावर क्वचितच हाणामारी करणारा हा माणूस मराठी सिनेमातला सगळ्यांत जबर माणूस कसा ठरला, याचा शोध मला घ्यायचा आहे.

आपल्याकडे जबर नट आधीही होते. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल मूकपटांच्या काळात तलवारबाजीसाठी प्रसिद्ध होते, आणि १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक झाले. पुढे चंद्रकांत आणि सूर्यकांत या मांढरे बंधूंनी पिळदार शरीराचा मर्दानी नायक उभा केला. तो दरारा दंडात होता, तलवारीत होता, घोड्यावर होता. प्रेक्षकाला तो आवडायचा, पण त्याची भीती वाटायची नाही, कारण तसा माणूस त्याला रोज भेटत नव्हता.

त्याच १९३१ साली अमेरिकेत ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे दोन चित्रपट आले. त्यांनी एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि जेम्स कॅग्नी यांना मोठं केलं आणि हॉलिवूडच्या ‘टफ’ नटांची परंपरा रुजवली. दारूबंदी होती, मंदी होती, शहरांच्या गल्ल्या टोळ्यांच्या ताब्यात होत्या. प्रेक्षक हे सगळं वर्तमानपत्रात वाचत होता आणि तेच त्याला पडद्यावर दिसत होतं. मला यांपैकी रॉबिन्सन सगळ्यांत जवळचा वाटतो. बुखारेस्टमध्ये जन्मलेला, ठेंगणा, देखणेपणाचा लवलेश नसलेला हा माणूस. पडद्यावर टोळीचा म्होरक्या, आणि घरी व्हॅन गॉग, सेझान यांची चित्रं जमवणारा रसिक. ‘लिटल सीझर’च्या चित्रीकरणात पिस्तुलाच्या आवाजानं त्याचे डोळे मिटायचे, म्हणून पापण्यांना चिकटपट्टी लावावी लागली, असं सांगतात. ज्याला गोळीचा आवाज सोसत नाही, तो जगाला गोळीची भीती घालतो. दरारा नटाच्या स्वभावातून येत नाही, त्याच्या निरीक्षणातून येतो, हे मला या गोष्टीतून पटलं.

निळूभाऊंचंही तसंच होतं. निळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. तरुणपणी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला होते. स्वतःची रोपवाटिका काढायची त्यांची इच्छा होती, पण पैशाअभावी ती राहून गेली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले, आणि तुटपुंज्या पगारातलेही काही पैसे ते सेवा दलाला देत. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं त्यांना गावोगाव पोचवलं. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते पडद्यावर आले तेव्हा तिशी कधीच उलटून गेली होती.

ही उशिरा आलेली संधीच मला महत्त्वाची वाटते. तोवर या माणसानं अधिकाऱ्यांच्या हाताखाली बागेत काम केलं होतं, कलापथकाबरोबर खेडी पाहिली होती. सत्तेपुढं वाकणारा माणूस कसा उभा राहतो, हुकूम सोडणारा माणूस मान किती वळवतो, हे त्यांनी खालून पाहिलं होतं. वाड्यात जन्मलेल्या नटाला वाड्याचा मालक असा साकारता आला नसता, असं माझं मत आहे.

काळही नेमका तसाच होता. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं. १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली आणि त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याआधीच प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता, आणि त्या वाटेनं जागोजागी कारखाने निघाले. आमच्या जिल्ह्यात ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला. सहकारानं शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला, शाळा-महाविद्यालयं दिली, हे मी या उसाच्या आणि दुष्काळाच्या सीमेवरच्या गावात बसून कृतज्ञतेनं लिहितो. पण त्याबरोबर गावात एक नवी खुर्चीही आली. ऊस कधी तुटणार, कर्ज कुणाला मिळणार, मुलगा नोकरीला कुठं लागणार, हे त्या खुर्चीवर ठरू लागलं. मराठवाड्यानं निजामाच्या अमलातली गढी आणि वाडा पाहिला होता. आता मतपेटीतून निवडून आलेला, खादी घातलेला, हसून बोलणारा धनी आला. तो आपणच निवडलेला होता, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं आणखी अवघड होतं.

हा नवा माणूस मराठी पडद्यावर पूर्ण उंचीनं उभा राहिला तो ‘सामना’मध्ये. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. हिंदूराव धोंडे पाटील हा गावाचा सर्वेसर्वा. गावात एक दारुडा, मोडून पडलेला मास्तर येतो. डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका केली आहे. हिंदूराव त्याला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. आणि हा फाटका मास्तर मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

हिंदूराव हा खलनायक आहे असं निळूभाऊ एका क्षणालाही मानत नाहीत. त्यांचा हिंदूराव स्वतःला गावाचा बाप समजतो. मी तुम्हाला काय कमी केलं, असा खराखुरा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर असतो. मास्तराला तो जवळ करतो त्यात डाव आहेच, पण एकटेपणाही आहे. सगळं गाव ‘जी मालक’ म्हणतं, तिथं आपल्याशी बरोबरीनं बोलणारा एक तरी माणूस हवा, ही भूक निळूभाऊंनी फार हळुवारपणे दाखवली आहे. म्हणून मास्तराचा प्रश्न त्याला कायद्याच्या भीतीपेक्षा खोल लागतो. ज्याला मित्र मानलं तोच हिशेब मागतो.

त्यांचं बसणं पाहा. अंग सैल, घाई कुठंच नाही. डोळे अर्धे मिटलेले, आणि जे सांगायचं आहे त्याच्या आधी एक लांबलेला विराम. तो घोगरा आवाज वर चढत नाही, उलट रागात खाली उतरतो. समोरच्याला पुढं झुकून ऐकावं लागतं आणि झुकला की तो हरला. धमकी देणारं वाक्य ते चौकशीच्या सुरात बोलतात. आवाज चढवण्याची गरज ज्याला पडते त्याची सत्ता अजून पक्की झालेली नसते, हे त्यांना उमगलं होतं. म्हणून त्यांच्या हातात हत्यार असो-नसो, फरक पडत नाही.

‘सामना’च्या आधी, १९७२ साली, तेंडुलकरांचंच ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि त्यात निळूभाऊ सखाराम झाले. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. सेन्सॉरनं नाटक अडवलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाटक जिंकलं. त्या वादात नटाच्या कामाची चर्चा मागं पडली, याची मला खंत वाटते. टाकलेल्या बायकांना घरी आणणारा, आपण ढोंगी नाही याचाच अभिमान बाळगणारा सखाराम म्हणजे जबर माणसाच्या आतला घाबरट पुरुष. हिंदूरावाच्या चेहऱ्यामागं जे चाललेलं असतं, त्याची तालीम सखारामनं करून घेतली असणार.

आणि मग १९७९ चा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरचा, पुन्हा पटेल-तेंडुलकर जोडीचा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांना शह देणारे अर्थमंत्री डॉ. लागू. निळूभाऊ मात्र पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेच्या खुर्चीवरून उठवून पटेलांनी त्यांना सत्तेच्या दारात उभं केलं. दिगू सगळं पाहतो, त्याला सगळं कळतं, आणि त्याच्या हातात काहीच नाही. शेवटी भान सुटलेला त्याचा चेहरा पाहताना अंगावर काटा येतो. हिंदूराव आणि दिगू एकाच नटाचे आहेत, यावर दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहूनही विश्वास बसत नाही. मला विचाराल तर दिगू हीच त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका. हिंदूरावात त्यांनी वर बसलेल्याचं मन ओळखलं. दिगूत ते स्वतः जिथून आले त्या जागेवर, पाहणाऱ्याच्या जागेवर, परत गेले.

बाकीच्या चित्रपटांबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९७२ च्या ‘पिंजरा’नंतर आणि विशेषतः ऐंशीच्या दशकात निर्मात्यांनी त्यांना त्याच साच्यात पुन्हा पुन्हा ओतलं. बेरकी सरपंच, लंपट पाटील, मिशीवरून हात फिरवणारा सावकार. हिंदीतही ‘कुली’, ‘मशाल’ अशी कामं त्यांनी केली. त्यांत महेश भट यांच्या ‘सारांश’मधला गजानन चित्रे हा राजकारणी मात्र थेट हिंदूरावाच्या घराण्यातला आहे, मुंबईत येऊन राहिलेला. साच्यातल्या त्या चित्रपटांतूनच त्यांची नक्कल करण्याची लाट आली. गॅदरिंगमध्ये, ऑर्केस्ट्रात, आता मोबाइलवर, बाईला वाड्यावर बोलावणारा घोगरा आवाज म्हणजे निळू फुले, एवढंच नव्या पिढीला ठाऊक आहे. ही नक्कल मला बोचते. ज्या नटानं बाईवरच्या जुलमाची शिसारी यावी म्हणून तो माणूस उभा केला, त्याच्या नावावर आज तोच जुलूम गमतीचा विषय झाला आहे.

पडद्याबाहेरचा माणूस तर याच्या अगदी उलट. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. लागूंबरोबर ते उभे राहिले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायचा होता, तेव्हा अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत या मंडळींनी गावोगाव पैसा जमवला. पडद्यावर गरिबाची जमीन हडपणारा माणूस गरिबासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याच्या पोटापाण्याची काळजी करत हिंडत होता. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

रॉबिन्सनला त्याच्या उद्योगानं उशिरा का होईना, मानाचं ऑस्कर जाहीर केलं. १९७३ मध्ये ते दिलं गेलं तेव्हा तो हयात नव्हता. निळूभाऊंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार जिवंतपणी मिळाला. पण नटाचा खरा सन्मान त्याचं काम नीट पाहण्यात असतो, आणि तिथं आपण कमी पडलो. हॉलिवूडच्या त्या जुन्या चित्रपटांच्या प्रती तिकडं दुरुस्त होतात, पुन्हा पडद्यावर लागतात, त्यांवर पुस्तकं निघतात. आपले साठ-सत्तरच्या दशकांतले ग्रामीण चित्रपट मात्र बहुतेकांना घासलेल्या, फिकट प्रतींतच पाहावे लागतात. तंबूतल्या माणसानं तिकिटाचे पैसे देऊन जे जगवलं, ते पुढच्या पिढीला धड दिसावं एवढी मागणी गैर नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. निर्मात्यांच्या वारसांनी आपल्याकडच्या प्रती तिथं सोपवाव्यात.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत घरातल्या तरुण मुलांना घेऊन ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ एकापाठोपाठ पाहा. ‘सामना’ पाहताना निळूभाऊंकडे तर लक्ष जाईलच, पण त्यांच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहा. त्यांच्या माना, हात आणि नजरा पाहिल्या की हिंदूरावाची ताकद कुठून आली ते कळेल.