आडदांड टू-स्ट्रोकला वळण लावताना

ताकदवान टू-स्ट्रोक डर्टबाइक चालवणं अवघड जातं, कारण तिच्यात ताकद फार असते, असं सर्रास मानलं जातं. हे निदान मला अपुरं वाटतं. चालवणाऱ्याला दमवते ती ताकद अवचित अंगावर येण्याची सवय. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीतली पोर्टं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. एक्झॉस्ट पोर्ट उंच कापलं की वरच्या आरपीएमला जोर वाढतो, पण खालच्या आरपीएमला ताजं मिश्रण न जळताच बाहेर पळतं. फुगीर एक्झॉस्ट पाइपमधून परतणारी दाबाची लाट ते पुन्हा आत ढकलते खरी, पण ती वेळेवर पोचते ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच. त्या पट्ट्याखाली इंजिन मरगळलेलं असतं, पट्टा लागताच ते उसळतं आणि ओल्या मुळांवर मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागतं. अशा वेळी अश्वशक्ती चाकाखालच्या चिखलातच संपते. म्हणून ती छाटण्याआधी ती कधी आणि किती झपाट्याने येते हे बदलून पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

याचा भक्कम पुरावा खुद्द कारखान्यांनीच दिला आहे. यामाहाच्या वायझेड250 या गाडीचं 249 सीसीचं इंजिन मोटोक्रॉससाठी बांधलेलं. तेच जंगलवाटांसाठी वायझेड250एक्स या गाडीत घालताना कंपनीने कॉम्प्रेशन उतरवलं, एक्झॉस्ट पोर्ट आणि इग्निशन बदललं, गिअरमधली अंतरं वाढवली. सीसीला हात लावला नाही. केटीएमच्या अनेक 300 सीसी टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टची उंची आरपीएमनुसार बदलणारी झडप असते. तिच्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या स्प्रिंगा मिळतात. हिरवी बसवली की तेच इंजिन सौम्यपणे उचल घेतं, लाल बसवली की झटक्याने. बदलते ती एक इवलीशी स्प्रिंग. होंडाच्या 491 सीसीच्या सीआर500मध्ये मात्र 2001मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशी झडप आलीच नाही. तिथे लोक फ्लायव्हीलला जादा वजन लावत. जड फ्लायव्हीलमुळे कमाल अश्वशक्ती तीच राहते, पण आरपीएम सावकाश चढतात, चाकाला पकड घ्यायला उसंत मिळते आणि चढावर इंजिन पटकन बंद पडत नाही.

गाडी अशाने सुस्त होते, हा आक्षेप मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर रास्त आहे. उंच उडीआधी दोन-चार मीटरच मिळतात, तिथे आरपीएम चटकन चढायलाच हवेत. दगडधोंड्यांच्या वाटेवर हिशेब उलटा होतो. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गरोडिओ या अतिकठीण शर्यतीत ग्रॅहम जार्विस पाच वेळा जिंकला तो 300 सीसीच्या टू-स्ट्रोकवर, आणि त्याची ख्याती आहे संथ, तोललेल्या चालीची. मग सरळ 125 सीसीची गाडी का घेऊ नये, असंही विचारलं जातं. लहान इंजिनाला जोरासाठी सतत वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं, क्लच दाबत आणि गिअर बदलत राहावं लागतं. मोठं इंजिन खालूनच ओढतं. नेमका हाच गुण आपल्याला हवा असतो, तो फक्त झटक्यामागे दडलेला असतो.

घाईच्या उपायांपासून मात्र जपलं पाहिजे. कॉम्प्रेशन कमी करायला सिलिंडरखाली जाड गॅस्केट घालण्याची सूचना वारंवार ऐकू येते. त्याने अख्खा सिलिंडर वर सरकतो, एक्झॉस्ट पोर्ट लवकर उघडतं, जोर आणखी वरच्या आरपीएमला जातो आणि खालचा होता तोही घटतो. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर हेड लेथवर घेऊन नीट कापावं. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट लहान करून इंजिनाचा गळा आवळणं तर धोक्याचंच, कारण मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापून जाम होतो. कुठलाही बदल करण्याआधी जेटिंग, म्हणजे जेटची मापं, बरोबर आहे ना, हे पाहावं. खाली अडखळून मग उसळी मारणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा दोष तिथेच सापडतो. त्यानंतरचा सोपा उपाय स्प्रॉकेटचा: पुढचा स्प्रॉकेट 13 ऐवजी 14 दातांचा बसवला की प्रत्येक गिअर सुमारे 8 टक्के लांब होतो आणि चाकावर येणारा झटका जवळपास तेवढ्याच प्रमाणात उतरतो. खर्च अगदी थोडा, आणि नाही पटलं तर जुना स्प्रॉकेट परत बसवता येतो. कापलेल्या हेडचं तसं नसतं.